एका कॉम्प्युटरला दोन नेट जोडलेत, तरी २० तारखेची धास्ती जात नाही

संत्राबाग | २४ फेब्रुवारी, रात्री १०.१०

नमस्कार. प्रश्न थोडा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वीपासून आत नदीकडच्या एका गावात राहते. नागपूरच्या एका कर सल्लागारांचं काम घरून करते, त्याला चार वर्षं झाली. आर्वी, पुलगाव, तळेगाव या बाजूचे सव्वीस दुकानदार आणि दोन जिनिंगवाले (कापसातून सरकी काढणारे) यांचं जीएसटीचं काम माझ्याकडे आहे. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर नागपूरच्या सर्व्हरवर, म्हणजे तिथल्या मुख्य कॉम्प्युटरवर आहे. मी इथून व्हीपीएन (नेटवरून जाणारा खासगी, सुरक्षित बोगदा) लावते आणि रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे त्या सर्व्हरचा पडदा इथं उघडून, काम करते. माडीवरची खोली कार्यालयासाठी घेतली आहे. खालच्या खोलीत अजून कापूस पडून आहे, भाव वाढायची वाट पाहत.

माझ्या महिन्यात दोन तारखा असतात. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, आणि २० ला ३बी, म्हणजे महिन्याचा कर भरून द्यायचं विवरणपत्र. बाकीच्या दिवशी तासभर नेट गेलं तर मी बिलं लावते, फोनवर राहिलेली कामं उरकते, काही अडत नाही. पण २० जानेवारीला संध्याकाळी साडेपाचला फायबर गेलं. ओएनटीवर (फायबरची तार जिथं लागते त्या घरातल्या पेटीवर) लाल दिवा, केबलवाल्या भाऊंचा फोन बंद, आणि नऊ जणांचं ३बी भरायचं राहिलेलं. घरात मोबाइलची रेंज एक काडी, माडीच्या खिडकीत ठेवला तर दोन. शेवटी यांनी गाडी काढली. लॅपटॉप घेऊन मी आर्वीला नणंदेकडे गेले आणि शेवटचं विवरणपत्र रात्री पावणेबाराला गेलं.

एक दिवस उशीर झाला तर विलंब शुल्क रोजचे ५० रुपये, शिवाय थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. रक्कम फार नसते. पण ज्या माणसानं कागद पाच दिवस आधी माझ्या हातात दिले, त्याला माझ्या नेटपायी एक रुपयाही भरावा लागू नये. ही गोष्ट मला फार लागते.

म्हणून याच महिन्यात दुसऱ्या कंपनीचं फायबर घेतलं. पहिलं १०० एमबीपीएसचं, दुसरं ५०चं. डेस्कटॉपला (विंडोज ११) लॅनचं, म्हणजे नेटची वायर लावायचं, एकच पोर्ट आहे, त्यामुळे यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर आणलं आणि दोन्ही वायरी जोडल्या. आता अडचणी सांगते.

वेगाची चाचणी केली तर १०० च दिसतात, १५० नाहीत. एका राउटरचं पान उघडायला जाते तर कधी दुसऱ्याचंच उघडतं. बँकेच्या पानावर अर्ध्यातून बाहेर काढलं गेलं, तेही दोनदा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, परवा मुद्दाम पहिल्या फायबरची पिवळी वायर ओएनटीतून काढून पाहिली, तर कॉम्प्युटर दुसऱ्या नेटवर गेलाच नाही. दुसरं नेट चालू होतं, तरी हा बंद पडलेल्यालाच धरून बसला.

दोन्ही मिळून वेग वाढवता येतो का? नसेल वाढत तर राहू दे. पण एक गेलं की दुसरं आपोआप लागावं, एवढं कसं करायचं ते कोणी सांगेल का?


नागनदी_नेटवर्क | २५ फेब्रुवारी, सकाळी ८.३५

ताई, तुमच्या चारही अडचणींची कारणं वेगवेगळी आहेत. सोप्यापासून सुरू करतो.

चुकीच्या राउटरचं पान उघडतं, कारण दोन्ही राउटरांचा पत्ता एकच असणार, १९२.१६८.१.१. एका गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरं असली तर पोस्टमन काय करणार? एका राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन पत्ता १९२.१६८.२.१ करा. हे आधी करा, त्याशिवाय पुढचं काहीच नीट चालणार नाही.

वेगाची बेरीज होत नाही, ती होणारही नाही. ब्राउझर सर्व्हरशी बोलायला लागतो तेव्हा ते संभाषण चार गोष्टींनी ओळखलं जातं: तुमचा आयपी, तुमचा पोर्ट, समोरचा आयपी, समोरचा पोर्ट. आयपी म्हणजे नेटवरचा पत्ता, पोर्ट म्हणजे त्या पत्त्यावरच्या दाराचा क्रमांक. दोन कंपन्या म्हणजे बाहेरून दिसणारे दोन वेगळे आयपी. एक संभाषण अर्धं इकडून आणि अर्धं तिकडून पाठवलं तर समोरच्याला ती दोन अनोळखी माणसं वाटतात. तुमचं व्हीपीएन म्हणजे असं एकच लांबलचक संभाषण आहे, ते एकाच वायरीवरून जाणार. दहा जण दहा वेगळी कामं करत असतील तर पाच इकडे, पाच तिकडे असं वाटता येतं. एकटीच्या रिमोट डेस्कटॉपला त्याचा उपयोग शून्य. बँकेचं पानही याच कारणानं बाहेर काढतं. आत शिरताना एक आयपी आणि पैसे भरताना दुसरा दिसला की सुरक्षेसाठी सत्र बंद करतात, आणि ते बरोबरच आहे.

आता कॉम्प्युटर कोणती वायर निवडतो ते. विंडोज प्रत्येक जोडणीला एक आकडा देतं, त्याला मेट्रिक म्हणतात. ज्याचा आकडा लहान, त्या वाटेनं जायचं. विंडोज आणि आर दाबून एनसीपीए डॉट सीपीएल लिहा, अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज उघडा, आयपीव्ही४ च्या (नेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत; आयपीव्ही६ ही नवी) अॅडव्हान्स्ड खिडकीत खाली 'ऑटोमॅटिक मेट्रिक' दिसेल. ती खूण काढून पहिल्या नेटला १० आणि दुसऱ्याला ५० द्या. आणि हीच गोष्ट आयपीव्ही६ मध्येही करा! दोघांचे आकडे वेगळे ठेवलेले असतात. आयपीव्ही४ चं केलं, आयपीव्ही६ तसंच राहिलं, आणि मग अर्धी पानं एका वाटेनं, अर्धी दुसऱ्या वाटेनं जातात, असं मी कित्येक ठिकाणी पाहिलंय. तुमच्या बँकेच्या पानाचं मूळ तिथंही असू शकतं.

पण एवढं करूनही शेवटची अडचण सुटणार नाही. तुम्ही फायबर काढलं, पण ओएनटी ते कॉम्प्युटर ही वायर जागेवरच होती. विंडोजला राउटर समोर दिसतोय, म्हणजे त्याच्या लेखी वाट चालू आहे. त्या राउटरच्या मागचं जग तुटलंय हे त्याला लवकर कळत नाही. यासाठी दोन वॅन पोर्टांचा, म्हणजे बाहेरून येणारी दोन नेट लावता येतील असा, राउटर लागतो. तो दर काही सेकंदांनी बाहेरच्या एखाद्या पत्त्याला हाक मारून पाहतो, उत्तर आलं नाही की दुसऱ्या वाटेवर जातो. मी लहान कार्यालयांत टीपी-लिंकचा ईआर६०५ बसवतो. त्यात वाय-फाय नाही, पाच पोर्ट आहेत, त्यातल्या चारांपर्यंत वॅन करता येतात. घरात जुना राउटर पडला असेल आणि त्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) चालत असेल तर एमवॅन३ नावाचं पॅकेज हेच काम फुकट करतं, पण ते बसवताना हात सरावाचा हवा. तुम्ही तयार पेटीच घ्या.


वावरातून | २५ फेब्रुवारी, दुपारी १.२०

एवढा खर्च कशाला? मोबाइल यूएसबीनं लावून टेदरिंग करा, म्हणजे त्याचंच नेट कॉम्प्युटरला द्या, महिन्यातून दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.


संत्राबाग | २५ फेब्रुवारी, रात्री ९.४५

वावरातून, तुमचं म्हणणं पटतं आणि सुरुवातीला मीही तेच केलं. पण खिडकीतल्या दोन काड्यांवर रिमोट डेस्कटॉप चालवायचा म्हणजे एक आकडा टाइप करायचा आणि तो दिसायची वाट पाहायची. शिवाय २० तारखेला तोच फोन सतत हवा असतो. ओटीपी दुकानदाराच्या फोनवर येतो, तो मला फोन करून सांगतो. कॉल आला की माझ्या फोनवरचं नेट बसतं. म्हणून फोन कामातून वेगळा ठेवायचा आहे.

नागनदी भाऊ, खूप आभार. पत्ता बदलला, दोन्हीकडचे मेट्रिक बदलले. बँकेच्या पानानं आज एकदाही बाहेर काढलं नाही. आयपीव्ही६ चं तुम्ही लिहिलं नसतं तर मला ते कधीच सापडलं नसतं. दोन्ही वायरींवरून ट्रेसर्टही (नेट कोणकोणत्या टप्प्यांवरून जातं ते दाखवणारी आज्ञा) करून पाहिलं. दुसऱ्या टप्प्यापासून पत्ते पूर्ण वेगळे येतात, म्हणजे वाटा खरंच वेगळ्या आहेत. आता दोन वॅनचा राउटर मागवते.


खांबावरून | २६ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

ताई, राउटर मागवाच्या आंधी थांबा. म्या तेरा वर्षं खांबावर चढून केबल ओढली हाय, म्हणून सांगतो.

ट्रेसर्टात दिसते तो आयपीचा रस्ता. तार कोन्या खांबावरून गेली ते त्यात नाई दिसत. खेड्यात बहुतेक बारा कोरची, म्हंजे बारा काचेच्या धाग्यांची, एकच केबल येते. निळा कोर एका कंपनीचा, नारिंगी दुसऱ्या कंपनीचा. कंपन्या दोन, बिलं दोन, आयपी दोन. पण जेसीबीचा दात लागला का बाराच्या बारा कोर एकाच टायमाले जातात. तुमच्या घरी दोन तारा आल्या म्हणून खुश नोका होऊ. ह्ये एकाच विहिरीवर दोन मोटरी बसवल्यासारखं होईन. मोटर जळाली तं दुसरी हाय, पण विहीर आटली तं?

सकाळी पायी निंगा. घरापासून तारेच्या मांगं मांगं जा. कुठं कुठं दोन्ही तारा एकाच खांबावर हायेत ते मोजा. गावात पेटी असन, ती उघडून दाखवाले सांगा. पेटीत नुसता स्प्लिटर (एका तारेचा उजेड अनेक घरांत वाटणारा) असन तं त्याले करंट लागत नाई, तो नुसता काच हाय. पण आत दिवे चमकत असन, पंखा फिरत असन, तं ती पेटी गावच्या करंटच्या लाइनीवर चालते. मंग तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी गावची लाइन गेली का नेट गेलं. त्या पेटीले बॅटरी हाय का ते इचारा.

आन् ओएनटीच्या पानावर आरएक्स पॉवर, म्हंजे तारेतून येणाऱ्या उजेडाची ताकद, पाहून ठेवा. उणे २० च्या आसपास असन तं मस्त. उणे २७ पर्यंत गेली तं लाइन मरणाच्या दारात हाय समजा, थोडा वारा आला का लाल दिवा.


संत्राबाग | २ मार्च, रात्री ८.३०

खांबावरून भाऊ, तुमचं वाचलं त्या दिवशी राउटरची ऑर्डर थांबवली. काल रविवारी सकाळी मामाजींना सोबत घेऊन निघाले. मामाजी एकाहत्तर वर्षांचे आहेत, गावातला प्रत्येक खांब कधी उभा राहिला ते त्यांना ठाऊक आहे. काय काय दिसलं ते लिहून ठेवते, दुसऱ्या कोणाच्या कामी येईल.

आमच्या घरापासून चावडीपर्यंत नऊ खांब, नऊही खांबांवर दोन्ही तारा एकाच लोखंडी तारेला बांधलेल्या. चावडीजवळच्या चिंचेखाली तार कमरेएवढी झोल खाऊन लोंबते. तिथं वांदरांची टोळी बसते आणि पिल्लं त्या तारेवर झोके घेतात, हे रोज दिसत होतं, पण तार माझी आहे हे मला माहीत नव्हतं. पुढे जुन्या बस थांब्याच्या भिंतीला पेटी. आणि पेटीच्या पुढे, आर्वी रस्त्याला, एकच जाड काळी केबल. दोन नाहीत. एक.

केबलवाल्या भाऊंच्या घरी गेलो. त्यांनी काहीच लपवलं नाही. दोन्ही कंपन्यांचं काम तेच पाहतात. त्यांनी पेटी उघडून दाखवली. आत नुसता स्प्लिटर, दिवा नाही की पंखा नाही. गावची लाइन गेली तरी त्या पेटीला काही होत नाही, एवढी एक गोष्ट चांगली निघाली. मग मी २० जानेवारीचं विचारलं. नाल्याच्या पुलाजवळ रस्त्याचं काम चालू होतं, तिथं जेसीबीनं केबल तोडली होती. त्यांचा फोन लागत नव्हता, कारण ते त्या वेळी नाल्यात उतरून हातबत्तीच्या उजेडात जोड मारत होते. रात्री एक वाजता लाइन चालू केली म्हणाले. मी त्या दिवशी त्यांच्यावर फार चिडले होते. कालच्या भेटीत ते मी त्यांना सांगितलंही आणि माफीही मागितली.

म्हणजे दुसरं फायबर जानेवारीत घेतलेलं असतं, तरी २० तारखेला दोन्ही एकदमच गेली असती. हे कळल्यावर घरी येताना मी मामाजींशी काहीच बोलले नाही. तेच म्हणाले, "आता समजलं नं बाई, वाट वेगळी पाह्यजे. तार वेगळी असून काय कामाची?"

आरएक्स पॉवर पहिल्याची उणे २५.८ आहे, दुसऱ्याची उणे २१. भाऊ म्हणाले चिंचेखालची तार उचलून बांधतो आणि पहिल्याचा जोड नवीन मारतो.

दुसरं फायबर मी बंद करायला सांगितलं. आता तारेवाचून येणारं नेट हवं. टॉवर आमच्यापासून नदीच्या बाजूला आहे, तीनेक किलोमीटर असेल, गच्चीवरून डोळ्यांना दिसतो. यात काय पाहायचं असतं?


पायथ्याचा_मास्तर | ३ मार्च, दुपारी ३.१५

ताई, मी परतवाड्याच्या पुढे, मेळघाटच्या पायथ्याशी असतो, शाळेत शिकवतो आणि तीन वर्षांपासून घरी सिमवर चालणाऱ्या राउटरचं नेट वापरतो. माझे अनुभव असे.

सिम टाकायचा राउटर घरात ठेवू नका. तुमच्या मातीच्या जाड भिंती आणि वर टिन असेल तर अर्धा सिग्नल तिथंच संपतो. गच्चीवर पाइप उभा करून त्याला बाहेर लावायची पेटी बसवा आणि तिथून एक लॅन वायर खाली आणा. काड्या मोजू नका. पेटीच्या पानावर आरएसआरपी नावाचा आकडा असतो, तो टॉवरच्या सिग्नलची ताकद सांगतो. उणे ८५-९० म्हणजे उत्तम, उणे ११० च्या खाली गेलं तर ओढाताण. त्याशेजारी एसआयएनआर असतो, तो जितका मोठा तितका सिग्नल स्वच्छ. पेटी थोडी थोडी फिरवत हे आकडे पाहा. माझ्याकडे चार बोटं फिरवल्यानं उणे १०४ चं उणे ९३ झालं होतं.

सिम कोणत्या कंपनीचं घ्यायचं ते शेजाऱ्याला विचारून ठरवू नका. घरातल्या, पाहुण्यांच्या, सगळ्या कंपन्यांची सिमं त्या पेटीत एकेक घालून सकाळी, दुपारी आणि रात्री साडेनऊला तपासा. रात्री साडेनऊला अख्खं गाव फोनवर असतं, खरा आकडा तेव्हाच कळतो.

आणि खांबावरून भाऊंनी जे फायबरबद्दल सांगितलं तेच टॉवरलाही लावा. टॉवरला तरी नेट कुठून येतं? त्यालाही त्याच नाल्यावरून जाणारं फायबर असेल तर परत एकच विहीर. दुर्बीण असेल तर टॉवरवर पाहा. नगाऱ्यासारखी गोल तबकडी दूरच्या दुसऱ्या टॉवरकडे तोंड करून असेल तर त्याचं नेट बहुधा हवेतून, मायक्रोवेव्हनं येतं.

दोन्ही नेट खरोखर एकत्र करणारं सॉफ्टवेअरही असतं, स्पीडिफायसारखं. ते तुमच्या कॉम्प्युटरवरून दोन्ही वाटांनी तुकडे पाठवतं आणि मधल्या त्यांच्या सर्व्हरवर ते पुन्हा जोडतं. समोरच्याला एकच आयपी दिसतो, म्हणून संभाषण तुटत नाही. पण मग सगळं काम त्या मधल्या सर्व्हरवरून फिरून जातं आणि महिन्याचे पैसे लागतात. मी ऑनलाइन तासांसाठी ते वापरलंय, व्हिडिओ अडखळत नाही. तुमच्याकडे आधीच व्हीपीएन आहे, त्याच्या पोटात आणखी एक बोगदा कशाला? मला नाही वाटत तुम्हाला त्याची गरज आहे.


संत्राबाग | २१ मार्च, सकाळी ११.०५

कालची २० तारीख झाली. म्हणून आज निवांत सगळं लिहिते.

आधी टॉवर. मामाजींची जुनी दुर्बीण काढली, पक्षी पाहायची. टॉवरवर दोन गोल तबकड्या आहेत, दोन्ही नदीपलीकडे, तिवशाच्या बाजूला तोंड करून. म्हणजे आमचं फायबर आर्वीकडून येतं आणि टॉवरचं नेट बहुधा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यातून येतं. एवढा आनंद मला मोठा वेग मिळाला असता तरी झाला नसता.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे तीन सिमं घालून पाहिली. सकाळी जी कंपनी सगळ्यात वेगवान होती ती रात्री साडेनऊला सगळ्यात मागे गेली. शेवटी आरएसआरपी उणे ९६ चं सिम ठेवलं. दिवसा १८ ते २५ एमबीपीएस मिळतात, रात्री ७-८. रिमोट डेस्कटॉपला एवढं भरपूर होतं.

दोन वॅनचा राउटर आला. पत्ते तिघांचे तीन ठेवले: फायबरचा १९२.१६८.१, सिमच्या पेटीचा १९२.१६८.८, नव्या राउटरचा १९२.१६८.०. यूएसबीचं अडॅप्टर काढून टाकलं, कॉम्प्युटरला आता एकच वायर. नागनदी भाऊंना फोटो पाठवून विचारलं तेव्हा त्यांनी दोन्ही वाटांत भार वाटायची खूण काढून टाकायला लावली. फायबर मुख्य आणि सिम फक्त राखीव. लाइन जिवंत आहे का ते पाहायला बाहेरचे दोन पत्ते दिले, १.१.१.१ आणि ८.८.८.८. डीएनएसलाही (नावावरून साइटचा पत्ता सांगणाऱ्या सेवेलाही) हेच दिले, कारण कंपनीचा स्वतःचा डीएनएस दुसऱ्या कंपनीच्या वाटेनं विचारलं तर उत्तर देईलच असं नाही.

चाचणी दोन प्रकारे केली आणि त्यात शिकण्यासारखं होतं. राउटरमधून फायबरकडची लॅन वायर उपटली तर बदल लगेच झाला. पण ओएनटीतून पिवळी वायर काढली, म्हणजे खरी तुटल्यासारखी तूट केली, तेव्हा पस्तीस सेकंद लागले. कारण हाका मारून, उत्तर आलं नाही हे पाहून मगच राउटर निर्णय घेतो. कोणी ही व्यवस्था करत असेल तर दुसरी चाचणी नक्की करा. पहिल्या चाचणीत सगळंच चांगलं दिसतं.

आता काल. चार वाजून वीस मिनिटांनी रिमोट डेस्कटॉप गोठला. मी घड्याळ पाहत बसले. व्हीपीएन तुटलं, सुमारे चाळीस सेकंदांनी परत जोडलं गेलं आणि टॅलीची तीच नोंद, कर्सर त्याच रकान्यात. काम नागपूरच्या सर्व्हरवर चालू असतं, इथून तुटलं तरी तिथलं सत्र तसंच उभं राहतं, हे माहीत होतं, पण काल डोळ्यांनी पाहिलं. ओएनटीवर लाल दिवा होता आणि मी काम करत होते.

एका ठिकाणी मात्र अडचण आली. एका जिनिंगवाल्यांचं कर भरायचं चलन त्याच मिनिटाला बँकेच्या पानावर होतं. आयपी बदलल्यामुळे बँकेनं बाहेर काढलं. घाईनं दुसरं चलन काढलं असतं तर पैसे दोनदा गेले असते. मी त्यांना फोन करून आधी खात्यातून रक्कम गेली का ते पाहायला सांगितलं. गेली होती. मग जीएसटीच्या खात्यात ती दिसेपर्यंत पंचवीस मिनिटं थांबले आणि त्याच चलनावर ३बी भरलं. म्हणून आता ठरवलंय की रकमा १८ तारखेपर्यंत भरून घ्यायच्या. २० ला फक्त विवरणपत्र.

साडेपाचच्या सुमारास फायबर परत आलं आणि राउटर आपणहून मुख्य वाटेवर गेला, म्हणजे परत एकदा चाळीस सेकंद. पुढच्या वेळी असं झालं की फायबरकडची लॅन वायर काढून ठेवणार आणि संध्याकाळचं काम संपल्यावर लावणार.

विजेचं थोडक्यात: तिन्ही पेट्यांच्या अडॅप्टरवर लिहिलेल्या आकड्यांची बेरीज ३२ वॅट होते, इन्व्हर्टरला ते काहीच नाही. पण इन्व्हर्टर साध्या मोडवर होता, त्यामुळे लाइन गेली की डेस्कटॉप आणि राउटर क्षणभर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचे. मागचं बटण यूपीएस मोडवर केलं, आता दिवासुद्धा लुकलुकत नाही.

आणखी एक. विंडोजला आता आपण फायबरवर आहोत की सिमवर हे कळत नाही, त्याला राउटरच दिसतो. सिमवर असताना त्यानं स्वतःचे अपडेट ओढायला सुरुवात केली तर डेटा जाईल, म्हणून ११ आणि २० च्या आठवड्यात अपडेट थांबवून ठेवते.

सव्वीस दुकानदार, दोन जिनिंग, शेवटचं ३बी काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गेलं. मी खाली येऊन सगळ्यांसोबत जेवले. २० तारखेला असं चार वर्षांत पहिल्यांदा झालं.

खांबावरून भाऊ, एकच विचारायचं राहिलं. गच्चीवरची ती पेटी लोखंडी पाइपवर आहे आणि तिची लॅन वायर थेट माझ्या टेबलापर्यंत येते. १८ तारखेला गारा पडल्या तेव्हा विजा एवढ्या चमकत होत्या की मी ती वायर काढून ठेवली. मृग लागल्यावर रोज काय करायचं?


खांबावरून | २१ मार्च, रात्री ९.२०

ताई, लय चांगलं झालं.

ऐका. फायबर काचेचं हाय, त्यातून करंट येत नाई, पण तुमची गच्चीवरची वायर तांब्याची हाय. पाइपाले तांब्याची जाड पट्टी लावून जमिनीतल्या अर्थिंगले जोडा, अन् ती अर्थिंग घरच्या अर्थिंगसंगं बांधून घ्या, दोन अलग नोका ठेवू. लॅनवायर घरात शिरते त्या जागी लॅनचं सर्ज अरेस्टर (इजेचा झटका जमिनीत सोडणारं) बसवा, त्याचीबी अर्थ वायर तिथंच जोडा. लायसन असलेला वायरमनच बलावा. एप्रिलातच करून घ्या, मृगाच्या तोंडावर कोनी भेटत नाई.

तरी बी डोक्यावर इजा कडाडत असन तवा वायर हातात धरू नोका. आभाळ भरून आलं का, पयल्या गडगडाटाच्या आंधीच काढून ठेवा, आन् तेवढा टाइम फायबरवर काम करा.


संत्राबाग | २२ मार्च, सकाळी ७.४०

वायरमन मंगळवारी येतो म्हणाला आहे. चिंचेखालची तार केबलवाल्या भाऊंनी काल उचलून बांधली, आरएक्स पॉवर आज उणे २१.४ दाखवते.